बेकारभत्त्याचा दर ठरतो, पण कोणासाठी?

चंदिगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर झिरकपूर मागे पडले की डेराबस्सी लागते. पंजाबच्या मोहाली, म्हणजेच साहिबजादा अजितसिंग नगर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. औषधे, रसायने आणि अन्य मालाच्या कारखान्यांमुळे गेल्या काही दशकांत त्याचे रूप पालटले आहे. गावाच्या एका अंगाला हरियाणाचा पंचकुला जिल्हा आहे आणि थोड्याच अंतरावर चंदिगड हा केंद्रशासित प्रदेश. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि या मुलखातून राज्यांची सीमा गेली. बाजारपेठ, रस्ते आणि नोकरीसाठीची धावपळ मात्र तिन्ही बाजूंच्या लोकांची एकच राहिली.

असे असले तरी बेकार तरुणाला सरकारकडून काय मिळते, हे तो सीमेच्या कोणत्या बाजूला राहतो यावर अवलंबून आहे. हरियाणाने ऑगस्ट २०२४ पासून सुशिक्षित बेरोजगारांच्या भत्त्यात वाढ केली. बारावी उत्तीर्णांचा मासिक भत्ता ९०० रुपयांवरून १,२०० रुपये, पदवीधरांचा १,५०० वरून २,००० रुपये आणि पदव्युत्तर पदवीधारकांचा ३,००० वरून ३,५०० रुपये झाला. डेराबस्सीतील तरुणाला, तेच शिक्षण आणि तीच बेकारी असताना, त्याच्या राज्याकडून या तोडीचा भत्ता मिळत नव्हता.

दोन राज्यांच्या दरांतील ही तफावत चटकन नजरेत भरते. परंतु या औद्योगिक पट्ट्यातील खरा प्रश्न तिच्या पलीकडचा आहे. येथील कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवणारा बहुसंख्य तरुण कोणत्याच दराच्या कक्षेत येत नाही. तो का येत नाही, हे समजून घ्यायचे तर भत्त्याचे दर कोणत्या निकषांवर ठरतात ते पाहावे लागेल.

आश्वासनांचा चढता आलेख

पंजाबात बेकारभत्त्याची योजना जुनी आहे. पदवीपेक्षा कमी शिकलेल्यांना महिना १५० रुपये आणि पदवीधरांना २०० रुपये, असा तिचा दर वर्षानुवर्षे कायम राहिला. उत्पन्नाची मर्यादा आणि सेवायोजन कार्यालयातील दीर्घ नोंदणीची अट यांमुळे लाभार्थींची संख्याही मर्यादितच राहिली.

प्रत्यक्षातील दर जागचा हलला नाही, निवडणुकीतील दर मात्र वाढत गेला. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीत अकाली दल व भाजप युतीने बेरोजगार तरुणांना महिना १,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. २०१७ मध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने 'घर घर नोकरी'ची घोषणा केली आणि नोकरी मिळेपर्यंत महिना २,५०० रुपये देऊ असे सांगितले. काँग्रेस सत्तेवर आली. जिल्ह्याजिल्ह्यांत रोजगार व उद्योग केंद्रे उघडली गेली, रोजगार मेळावे भरले आणि नोंदणीसाठी संगणकीय व्यवस्थाही उभी राहिली. मात्र २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर होईपर्यंत २,५०० रुपयांचा भत्ता सरसकट सुरू झाला नव्हता.

यामागे केवळ इच्छाशक्तीचा अभाव होता असे म्हणता येणार नाही. एक लाख तरुणांना महिना २,५०० रुपये द्यायचे झाल्यास वर्षाला ३०० कोटी रुपये लागतात. लाभार्थी पाच लाख असतील तर हा खर्च १,५०० कोटींवर जातो. पंजाब सरकारवरील कर्ज ३ लाख कोटी रुपयांहून अधिक आहे. अशा राज्यात उत्पन्नाचा स्वतंत्र स्रोत न दाखवता दिलेले आश्वासन अर्थसंकल्पापर्यंत पोहोचता पोहोचता विरून जाते. २०१८ मध्ये पंजाबने नोकरदार व व्यावसायिकांवर महिना २०० रुपयांचा विकास कर लावला. पदवीधर बेकाराच्या जुन्या मासिक भत्त्याएवढीच ही रक्कम. परंतु या कराची सांगड बेकारांच्या आधाराशी घालण्यात आली नाही.

भत्ता आणि शंभर तासांचे काम

हरियाणाने वेगळी वाट धरली. राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १ नोव्हेंबर २०१६ रोजी, तेथे सुशिक्षित तरुणांसाठी भत्ता आणि मानधन योजना सुरू झाली. ती 'सक्षम युवा' या नावाने ओळखली जाते. प्रारंभी ती पदव्युत्तर पदवीधारकांपुरती होती, पुढे टप्प्याटप्प्याने पदवीधर आणि बारावी उत्तीर्ण तरुणांना तिच्यात सामावून घेण्यात आले. या योजनेत भत्त्याखेरीज, शासकीय कार्यालयांत वा अन्यत्र महिन्याला १०० तास काम केल्यास ६,००० रुपये मानधन मिळते. म्हणजे तासाला ६० रुपये.

या आकड्याची तुलना किमान वेतनाशी करता येईल. २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांत अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना ११,००० रुपयांच्या आसपास होते. २६ दिवस आणि रोजचे ८ तास धरल्यास ते तासाला सुमारे ५३ रुपये पडते. मानधनाचा दर त्याहून थोडा अधिक असला, तरी एका पदव्युत्तर पदवीधारकाच्या कामाची किंमत अकुशल कामगाराच्या जवळपास धरली गेली आहे. शिवाय काम शंभर तासांपुरतेच मर्यादित आहे. मानधन सोडून नुसता भत्ता पाहिला, तर पदव्युत्तर पदवीधारकाचे ३,५०० रुपये किमान वेतनाच्या सुमारे ३२ टक्के, पदवीधराचे २,००० रुपये सुमारे १८ टक्के आणि बारावी उत्तीर्णाचे १,२०० रुपये सुमारे ११ टक्के भरतात. पंजाबच्या जुन्या २०० रुपयांच्या दराचे हेच प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी होते.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. शिक्षण वाढते तसा भत्ता वाढावा, यामागील तर्क कोणता? खोलीचे भाडे, बसचे तिकीट किंवा जेवणाची खानावळ पदवी पाहून दर आकारत नाही. गरज हा निकष मानला, तर बारावीनंतर शिक्षण सोडावे लागलेल्या तरुणाच्या घरची स्थिती बहुधा अधिक हलाखीची असते. तरीही सर्वांत कमी रक्कम त्याच्याच वाट्याला येते.

या रचनेचे स्पष्टीकरण बेकारीच्या स्वरूपात सापडते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीतील मानव विकास संस्था यांच्या २०२४ मधील भारतविषयक अहवालानुसार, २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते अवघे ३.४ टक्के होते. याचा अर्थ निरक्षर तरुणांना चांगले काम मिळते असा नव्हे. रिकामे बसणे त्यांना परवडत नाही, म्हणून ते मिळेल ते काम पत्करतात आणि पाहणीत 'रोजगारात' मोजले जातात. पदवीधराची बेकारी आकडेवारीत दिसते, रस्त्यावर दिसते आणि मतपेटीतही दिसते. म्हणूनच तिच्यावरील उपाययोजनाही पदवीच्याच पट्टीने आखल्या जातात.

राज्यागणिक वेगळी पट्टी

इतर राज्यांकडे पाहिल्यास निकषांतील विविधता लक्षात येते. हिमाचल प्रदेशाने २०१७ मध्ये भत्ता सुरू करताना शिक्षणानुसार फरक केला नाही. बारावी आणि त्यापुढील शिक्षण घेतलेल्या तरुणांना सरसकट महिना १,००० रुपये आणि दिव्यांगांना १,५०० रुपये, तेही जास्तीत जास्त दोन वर्षे, अशी ती योजना होती. राजस्थानने लिंगनिहाय फरक केला. १ जानेवारी २०२२ पासून तेथे पदवीधर पुरुषांना ४,००० रुपये, तर महिला, तृतीयपंथी व दिव्यांग यांना ४,५०० रुपये असा दर लागू झाला आणि त्यासोबत रोज चार तासांच्या उमेदवारीची अट आली. केरळमध्ये हा भत्ता दीर्घकाळ महिना १२० रुपयांवर थबकला होता. छत्तीसगडने २०२३ या निवडणूक वर्षात २,५०० रुपयांचा दर जाहीर करून वाटप सुरू केले.

ब्रिटनमध्ये हा फरक वयानुसार केला जातो. तेथे १९८८ पासून २५ वर्षांखालील व्यक्तींना साहाय्याचा कमी दर लागू आहे. २०२५-२६ या वर्षात 'युनिव्हर्सल क्रेडिट' योजनेतील एकट्या प्रौढ व्यक्तीचा मूळ मासिक दर ४००.१४ पौंड होता. तिचे वय २५ पेक्षा कमी असल्यास तो ३१६.९८ पौंड होता. तरुण मंडळी आई-वडिलांच्या घरी राहतात, त्यांचा खर्च कमी असतो, हे त्यामागील गृहीतक. ज्यांना घर नाही अशा तरुणांवर त्यामुळे अन्याय होतो, अशी टीका तेथे सातत्याने होत असते. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट घेण्याजोगी आहे. महागाईचा विचार करून दरवर्षी एप्रिलमध्ये दरांचा आढावा घेतला जातो. २०१६ ते २०२० या काळात तेथील सरकारने दर गोठवले होते, तेव्हा तो उघड राजकीय निर्णय होता आणि त्याचा जाबही विचारला गेला. आपल्याकडे दर गोठवण्यासाठी कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही. काही केले नाही की तो आपोआप गोठतो.

दोन व्यवस्थांच्या मधली पोकळी

डेराबस्सीच्या औद्योगिक वसाहतीकडे पुन्हा वळल्यास या सर्व निकषांची मर्यादा स्पष्ट होते. अशा वसाहतींतील कामगारांत पंजाबच्या खेड्यांतील तरुण आहेत, तसेच उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेलेही आहेत. त्यांतील अनेक जण कंत्राटदारामार्फत कामावर येतात. काम काही महिन्यांचे असते. मागणी घटली की सर्वप्रथम कात्री लागते ती त्यांच्याच जागांना.

काम गमावलेल्या कामगारासाठी देशात विम्याची व्यवस्था आहे. राज्य कामगार विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. यांपैकी दुसऱ्या योजनेत प्रारंभी सरासरी रोजच्या वेतनाच्या २५ टक्के साहाय्य मिळत असे. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले. साहाय्य ९० दिवसांपर्यंत आणि आयुष्यात एकदाच मिळते. दिवसाला सरासरी ४०० रुपये मिळवणाऱ्या कामगाराला या हिशोबाने दिवसाला २०० रुपये, म्हणजे एकूण १८,००० रुपये मिळू शकतात. राज्यांच्या भत्त्यांशी तुलना करता ही रक्कम सन्माननीय आहे. तिला वेतनाचा आधार आहे आणि तिच्यामागे मालक व कामगार या दोघांची वर्गणी आहे.

पण या योजनेसाठी किमान दोन वर्षांची विमायोग्य नोकरी लागते. आठ महिने एका कारखान्यात, पाच महिने दुसऱ्यात आणि मधले काही महिने गावी अशी ज्याची कामाची वाटचाल आहे, त्या बावीस वर्षांच्या तरुणाला ही अट पूर्ण करणे अवघड जाते. कंत्राटदाराने वर्गणी भरलीच नसेल, तर कामाची नोंदही राहत नाही.

मग राज्याचा भत्ता? त्यासाठी अधिवास दाखला हवा, सेवायोजन कार्यालयातील नोंदणी हवी, शिक्षणाची किमान पात्रता हवी. परप्रांतातून आलेल्याकडे अधिवास दाखला नसतो. स्थानिक तरुणाकडे तो असला, तरी दहावीनंतर शिक्षण सुटलेले असल्यास तो अनेक योजनांना अपात्र ठरतो. अशा रीतीने दोन व्यवस्था एकमेकींना पाठ करून उभ्या आहेत. एक आहे ती अद्याप काम न मिळालेल्या सुशिक्षितासाठी, दुसरी आहे ती दोन वर्षे स्थिर नोकरी केलेल्या कामगारासाठी. काम केले, पण पुरेसे सलग केले नाही, असा तरुण दोहोंच्या मधल्या पोकळीत सापडतो. औद्योगिक पट्ट्यांतील तारुण्याचे सर्वसाधारण चित्र नेमके हेच आहे.

सीमेचा आधार घेऊन नोकऱ्याच राखून ठेवण्याचाही प्रयत्न झाला. महिना ३०,००० रुपयांपर्यंत वेतनाच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांना घेण्याचा हरियाणाचा कायदा १५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो घटनाबाह्य ठरवला. नोकरीच्या बाजारपेठेला राज्याची सीमा घालता येणार नाही, असा याचा मथितार्थ. मात्र नोकरी गेल्यावर मिळणारा राज्याचा आधार अजूनही सीमेवरच अडतो.

महाराष्ट्राचा अनुभव

मराठी वाचकांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका यांची स्थिती बरीचशी अशीच आहे. बेळगावच्या यंत्रउद्योगात आणि सीमेलगतच्या शिनोळीतील कारखान्यांत दोन्हीकडचे मराठी तरुण काम शोधतात. कर्नाटकाने २६ डिसेंबर २०२३ पासून 'युवा निधी'ची नोंदणी सुरू केली. पदवीधरांना महिना ३,००० आणि पदविकाधारकांना १,५०० रुपये, कमाल दोन वर्षे, असे तिचे स्वरूप ठरले. कर्नाटकात किमान सहा वर्षे शिक्षण झाले असावे, अशीही अट आली. त्यामुळे एकाच नात्यागोत्यातील दोन मुलांपैकी एकाला आधार मिळावा आणि दुसऱ्याला मिळू नये, हे सीमाभागात सहज घडू शकते.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना महिना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीस सहा महिन्यांसाठी, अशी तिची रचना होती. दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट आणि ५,५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. येथील दर उत्तरेकडील राज्यांच्या भत्त्यांपेक्षा कितीतरी मोठा होता, पण तो भत्ता नव्हता, कामाचा मोबदला होता. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थींनी आंदोलने केली, सेवेत कायम करण्याची मागणी पुढे आली आणि २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवावी लागली. पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर आधी ठरलेले नसेल तर मोठा दरही तरुणाला पूर्वीच्याच ठिकाणी आणून सोडतो, हा या अनुभवाचा धडा आहे.

या तुलनेत महाराष्ट्राचीच जुनी रोजगार हमी योजना अधिक विचारपूर्वक आखलेली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी करूनही सरकारने काम दिले नाही, तर दिवसाला किमान १ रुपया बेकारभत्ता देण्याचे बंधन त्यात होते. रक्कम तुटपुंजीच होती, पण तो हक्क होता. या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला आणि शहरातील नोकरदाराच्या पगारातून ग्रामीण मजुराच्या कामाची सोय झाली. याच विचाराचा वारसा घेऊन आलेल्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात भत्त्याचा दर मजुरीशी जोडला गेला. पहिल्या ३० दिवसांसाठी किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मी मजुरी, असे ते सूत्र होते. मजुरी वाढली की भत्ता आपोआप वाढावा, ही त्यातील दूरदृष्टी. शहरी आणि औद्योगिक भागांतील तरुणांसाठी मात्र असे सूत्र कोणी मांडले नाही.

दरापेक्षा सूत्र महत्त्वाचे

या सर्व अनुभवांतून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की भत्त्याची रक्कम पदवीऐवजी किमान वेतनाच्या ठरावीक हिश्श्याशी जोडली पाहिजे. ११,००० रुपयांच्या किमान वेतनावर एक चतुर्थांशाचे सूत्र लावले तर भत्ता २,७५० रुपये होतो. हरियाणातील बारावी आणि पदवीधर तरुणांना मिळणाऱ्या रकमेपेक्षा तो अधिक, तर पदव्युत्तर दरापेक्षा कमी आहे. असे सूत्र असल्यास दरवाढीसाठी निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा निष्कर्ष विम्यासंबंधी आहे. दोन वर्षांची अट तरुण कामगारांसाठी शिथिल करून, जितके महिने वर्गणी भरली त्या प्रमाणात साहाय्य देता येईल. सहा महिने काम केलेल्याला ९० दिवसांऐवजी तीन आठवड्यांचा आधार मिळाला, तरी पुढचे काम शोधेपर्यंत त्याला खोली सोडावी लागणार नाही. विम्याची नोंद राष्ट्रीय असल्याने येथे अधिवासाचा प्रश्नच उद्भवत नाही. कंत्राटदाराने वर्गणी भरली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी अर्थातच मूळ कारखानदारावर टाकावी लागेल.

भत्ता दिला तर तरुण आळशी होतील, हा आक्षेप जुना आहे. परंतु महिना १,२०० किंवा २,००० रुपयांत कोणाचे घर चालते? एवढ्या रकमेत अर्जाचे शुल्क, परीक्षेचा प्रवास आणि फार तर थोडा शिकवणीचा खर्च निघतो. तिच्याकडे नोकरी शोधण्याचा खर्च म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल. भत्ता रोजगार निर्माण करत नाही, हे मात्र खरे आहे. रोजगाराचे अपयश झाकण्यासाठी तो वापरला जाऊ लागला, तर सरकार आणि तरुण या दोघांचीही फसगत होते.

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा हक्क आणि बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळवून देण्याची तरतूद करावी, असे सांगितले आहे. आर्थिक क्षमतेची मर्यादा घटनाकारांनीच मान्य केली होती. पण त्या साहाय्याला त्यांनी पदवीची, वयाची किंवा जिल्ह्याच्या हद्दीची अट घातली नव्हती. डेराबस्सीसारख्या ठिकाणी काम सुटलेला तरुण आपली वळकटी बांधून परतीची गाडी पकडतो, तेव्हा त्याची नोंद पंजाबच्या यादीत नसते, हरियाणाच्या नसते आणि विमा महामंडळाच्या लाभार्थींतही नसते. पुढील निवडणुकीत भत्त्याचा नवा आकडा जाहीर होईल, तेव्हा तो किती मोठा आहे याआधी तो या तरुणापर्यंत पोहोचतो का, हे विचारायला हवे.